मॅग्नेटवरचे खवले

मॅग्नेट काढताना डाव्या हाताचा अंगठा भोकाखाली धरायचा असतो, नाहीतर गरम तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं. मावशीला हे सांगायची गरज नव्हती. वर्कशॉपमधल्या निम्म्या लोकांना ते तिनेच शिकवलं होतं. पण त्या सकाळी तिने अंगठा धरला नाही, आणि तेल कोपरापर्यंत गेलं तरी तिचं तिकडे लक्ष गेलं नाही.

मॅग्नेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक तुकडा. हेलिकॉप्टरच्या मोठ्या पंख्याखाली गिअरबॉक्स असतो, त्याच्या पोटात, तेलात बुडून तो बसलेला असतो. आतले दाते एकमेकांवर घासून जे झिजेल ते त्याला येऊन चिकटतं. काजळासारखी मऊ, राखाडी साय दिसली तर काळजी नाही, ती रोजची झीज. पण माशाच्या खवल्यांसारखं काही चकाकलं तर समजायचं, आत तुटायला सुरुवात झाली आहे. असं हेलिकॉप्टर जमिनीवरून हलवायचं नाही.

मावशीने बॅटरीचा उजेड टाकला. खवले होते.

तिने बॅटरी विझवली, पुन्हा लावली. जणू मधल्या अंधारात ते शहाणे होऊन निघून जाणार होते.

"काय मावशी, झालं का दर्शन? येऊ का मी?" मशीनच्या पलीकडून मामांचा आवाज आला.

मामा म्हणजे फोरमन. ते कोणाचेच मामा नव्हते आणि ती कोणाचीच मावशी नव्हती, पण वर्कशॉप मोठ्या एकत्र घरासारखं चाले आणि पदांची नावं कोणाच्या तोंडी बसत नसत. मॅग्नेट दोघांनी बघायचं, असा तिथला नियम होता. पहिल्याने बघायचं आणि गप्प राहायचं. पुसायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मग दुसऱ्याने बघायचं, आणि मगच दोघांनी बोलायचं. आणि ज्याने पहिल्यांदा बघितलं त्याने त्या खेपेला स्वतः मशीनमध्ये बसून जायचं. हा दुसरा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक मशीन दरीत पडलं, तेव्हापासून तो आपोआप पडला होता.

"थांबा हो मामा," मावशी म्हणाली. "तेल पुसते आधी." आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबून तिने मॅग्नेट मुठीत घेतलं.

रेडिओरूम वर्कशॉपला लागूनच होती. सकाळी तिथून बोलावणं आलं होतं. वरच्या ठाण्यावर, जिथे जायला वर्षातला बराच काळ वाट नसते आणि मीठसुद्धा हेलिकॉप्टरनेच जातं, तिथे तिचा मुलगा रेडिओ सांभाळत होता. लहानपणापासून त्याच्या तोंडाची टकळी बंद होत नसे, म्हणून त्याचं नावच टकळ्या पडलं होतं. तो रेडिओवर नोकरीला लागला तेव्हा मामा म्हणाले होते, "सरकारला पहिल्यांदा योग्य माणूस योग्य जागी सापडला." आता त्याच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं. उंचीमुळे होतं तसं, धडधाकट माणसालाही. ठाण्यावरच्या परिचारकाने सांगितलं होतं की औषध एकच, त्याला खाली आणा. आजच. ऑक्सिजन रात्र काढेल की नाही याची खात्री नव्हती. आणि दुपारनंतर वारा उठला की कड्यावर कोणालाच जाता येत नाही.

खाली आणायला एकच हेलिकॉप्टर होतं. ज्याचं मॅग्नेट तिच्या मुठीत होतं ते.

बाकीची शेडमध्ये रांगेने उभी होती, वादळात छप्पर उडालेल्या घरांसारखी. ज्या देशाने ती विकली त्याने करारात लिहून घेतलं होतं की गिअरबॉक्स इथे कोणी उघडायचा नाही. त्याचं आयुष्य भरलं की तो त्यांच्या कारखान्यात पाठवायचा, ते दुरुस्त करून परत देतील. मामा म्हणत, "हत्ती विकला आणि अंकुश ठेवून घेतला." एकेक करून गिअरबॉक्स गेले, आणि एकही परत आला नाही. त्यांना आपल्या उत्तरेकडच्या बंदरात त्यांच्या लढाऊ जहाजांसाठी कायमची जागा हवी होती. आपलं सरकार हो म्हणत नव्हतं, नाहीही म्हणत नव्हतं. निवडणूक जवळ होती. तोपर्यंत गिअरबॉक्स त्यांच्या गोदामात आणि मशीनं आपल्या शेडमध्ये.

मग मध्यंतरी एक पेटी आली. नवा गिअरबॉक्स. पेटीवर हात ठेवून हसणाऱ्या मंत्र्यांचा फोटो सगळ्या पेपरांत आला. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी होती की पेटीला तारेचं सील होतं, आणि बंदराच्या करारावर सही झाल्याशिवाय ते तोडायचं नाही अशी अट होती. पेटी स्टोअरच्या कोपऱ्यात बसली. स्टोअर सांभाळणाऱ्या वहिनी रोज तिच्यावरची धूळ पुसत. "पाहुणी आहे," त्या म्हणत. "खात नाही, पीत नाही, जातही नाही."

मावशी मूठ तशीच घेऊन जावयाच्या केबिनकडे गेली.

जावई म्हणजे त्या देशाने मशीनांबरोबर पाठवलेला माणूस. त्याचं पद लांबलचक होतं, पण वर्कशॉपने पहिल्याच आठवड्यात त्याला जावई करून टाकलं होतं. त्याची खोली थंड ठेवावी लागे, त्याचा मान ठेवावा लागे, आणि तो रुसला की सगळं घर बसून राही. माणूस तसा वाईट नव्हता. भाषा तो कामगारांकडून शिकला होता, त्यामुळे मोठ्या साहेबांना तो 'तू' म्हणे आणि झाडूवाल्याला 'आपण'.

"बस, मावशी," तो उठून म्हणाला. "आपण चहा घेणार?"

"चहा नको. पेटी उघडून पाहिजे."

तो परत बसला. टेबलावरचा पेपरवेट त्याने उचलून दुसरीकडे ठेवला.

"मुलाचं ऐकलं मी. वाईट वाटतं. पण मशीन आहे ना? काल उडलं."

"जुना झालाय गिअरबॉक्स."

"जुना म्हणजे खराब नाही. मीही जुना." तो हसायचा प्रयत्न करून गंभीर झाला. "मॅग्नेट काय म्हणतं?"

मावशीच्या मुठीत ते मॅग्नेट गरम होतं. मूठ उघडून ती ते त्याच्यासमोर ठेवू शकली असती.

"बघायचंय अजून," ती म्हणाली.

"मग बघ आधी. खराब असेल तर मी आत्ता फोन करतो. आणीबाणी आहे असं सांगतो. ते विचार करतील. दोन दिवस, तीन दिवस. पण मग हे मशीन बंद. आज नाही उडणार. चांगलं असेल तर उडव, मुलाला आण. मग पेटी कशाला पाहिजे?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खवले आहेत म्हणावं तर हातातलं मशीन जातं आणि नाही म्हणावं तर पेटी मागायला कारण राहत नाही. त्याने काही डाव टाकला नव्हता. त्याने फक्त सरळ प्रश्न विचारला होता.

"तुम्ही एक करा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही, इतका तो लाचार होता. "मी पेटीची तार तोडेपर्यंत इथेच बसून राहा. तुम्ही काही बघितलंच नाही. मी तुमच्या पाया पडते हो."

"नको, नको. असं नको." तो घाईने उठला. "मावशी, ऐक. सील तुटलं की उद्यापासून तुमच्याकडे एक स्क्रू येणार नाही. तुमच्या दवाखान्यांची छोटी हेलिकॉप्टरं, डोंगर न चढणारी, तीसुद्धा आमचीच. तीही बसतील. तिथे पण कोणाची मुलं आहेत."

"तुम्हाला आहेत का?"

"एक मुलगी," तो म्हणाला. "तिला मी फोनवरून वाढवतो."

बाहेर पॅसेजमध्ये मोठे साहेब भेटले. त्यांना सगळं कळलं होतं, त्यांना नेहमीच सगळं कळलेलं असे. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, पेटीचं तेवढं डोक्यातून काढा. वर बोलणी अगदी शेवटाला आली आहेत. आपण आत्ता हात लावला तर आपणच हावरे ठरू. थोडी कळ काढा."

"त्याला कळ काढता येत नाही, साहेब. त्याला श्वास काढता येत नाही."

"म्हणून तर म्हणतो, चालू मशीन आहे, ते न्या ना! सगळं तुमच्याच हातात आहे."

ते खरंच तिच्या हातात होतं.

ती शेडच्या मागे, जिथे तेलाचे रिकामे पिंप उभे असत तिथे गेली. मूठ उघडली. तळव्यावर मॅग्नेटचा गोल ठसा उमटला होता आणि दोन-तीन खवले कातडीला चिकटले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ॲप्रनच्या टोकाने मॅग्नेट पुसलं, तळवा पुसला, आणि मॅग्नेटला पुन्हा थोडं तेल लावलं.

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मॅग्नेट उजेडात फिरवलं.

"अरे वा. न्हाऊनमाखून बसलंय की."

ती काही बोलली नाही. नियमाप्रमाणे बोलायचंच नव्हतं. मामांनी ते अजून एकदा फिरवलं. काजळाची सायसुद्धा नव्हती. इतकं चाललेल्या गिअरबॉक्सचं मॅग्नेट इतकं कोरं कधीच नसतं. पण 'तुम्ही पुसलं का' असा प्रश्न त्या वर्कशॉपमध्ये कोणी कोणाला विचारला नव्हता. एखाद्या घरात 'तू चोरी केलीस का' हे सहज विचारता येत नाही, तसंच. मामांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला.

"मला काही दिसत नाही," ते म्हणाले. हे बोलायचे ठरलेले शब्द होते.

"मलाही नाही," मावशी म्हणाली आणि तिने मॅग्नेट परत भोकात बसवलं.

कॅप्टन आला तो हातात हेल्मेट हलवत. टकळ्याच्याच वयाचा. दोघांचा रेडिओवरून बुद्धिबळाचा डाव चाले. एकमेकांच्या चाली ओरडून सांगायच्या, आणि अधूनमधून ठाण्याचे अधिकारी ओरडत की रेडिओ ही सरकारी वस्तू आहे.

"मावशी, तुमच्या दिवट्याला माझ्या घोड्याची भीती वाटली म्हणून आजारी पडलाय," तो म्हणाला. "तीन दिवस चाल सांगितली नाही. खाली आणतो आणि समोर बसवून हरवतो."

"आण बाबा," ती म्हणाली.

"तुम्ही येणार ना? तुम्ही मागे बसलात की मला बरं वाटतं. घरचं कोणीतरी ओरडायला आहे असं."

सहवैमानिक आधीच चढून बसला होता. परिचारक ऑक्सिजनची नळकांडी पट्ट्याने बांधत होता. मावशीने मागच्या दारात पाय ठेवला. त्या क्षणी तिला स्वतःबद्दल काहीच वाटत नव्हतं. आपण वर असू, आणि तो वर असेल. आत काय तुटतंय ते एवढी एक खेप थांबेल. लोखंड आहे ते, थांबेल. आई मागते म्हटल्यावर एक खेप थांबायला काय जातं त्याचं.

तेवढ्यात वहिनी हेल्मेट घेऊन आल्या.

प्रत्येक उड्डाणाची हेल्मेटं त्याच देत, आणि उड्डाण परतलं की मोजून परत घेत. दोन वर्षांपूर्वी जे मशीन दरीत पडलं ते त्यांचे यजमान चालवत होते, थोरले कॅप्टन. त्या दिवशीही मॅग्नेटवर खवले होते. जावयाच्या आधीच्या माणसाने फोनवर विचारून 'अजून एक खेप चालेल' असं सांगितलं होतं, आणि इथल्या सगळ्यांनी मान डोलावली होती. पुढे वहिनींना स्टोअरमध्ये नोकरी मिळाली.

वहिनींनी हेल्मेट मावशीच्या डोक्यावर बसवलं. हनुवटीखालचा पट्टा त्या स्वतः आवळायला लागल्या, शाळेत जाणाऱ्या पोरीची वेणी घालावी तशा.

"घट्ट होतंय का?"

"नाही."

"मग परत आणून द्यायचं हं. सगळी जमा झाल्याशिवाय मी घरी जात नाही, माहिताय ना? त्या एका दिवशी बसले होते सकाळपर्यंत." त्या हसून म्हणाल्या. त्यांनी ते इतकं सवयीने म्हटलं की तेच जास्त वाईट होतं.

मावशीने पाय खाली घेतला.

"उतरा," ती म्हणाली.

"काय?" कॅप्टनने पुढून वळून बघितलं.

"उतरा सगळे. खवले होते. मी पुसले."

परिचारकाच्या हातातला पट्टा सुटून नळकांडं दारावर आपटलं. मामा जवळच्या टायरवर बसले.

"तरीच," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तरीच म्हटलं न्हाऊनमाखून बसलंय. मी गप्प बसलो, मावशी. मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो."

"मी सांगणार नव्हते," ती म्हणाली. "मी जाणार होते. तुम्हा सगळ्यांना घेऊन जाणार होते मी." आणि पट्टा सुटेना म्हणून ती तो ओढत राहिली.

वहिनींनी पुढे होऊन पट्टा सोडवला. हेल्मेट काढून काखेत घेतलं. त्या वळल्या आणि स्टोअरकडे चालू लागल्या, आणि सगळ्यांना वाटलं की त्या रडायला गेल्या. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तार तोडायची लांब दांड्यांची कात्री होती.

"चला," त्या म्हणाल्या. "स्टोअर माझं आहे. पाहुणीला उठवते मी."

"वहिनी, बंदर, करार, ते सगळं..." मामा उठत म्हणाले.

"बंदर त्यांना त्यांचं बघू दे. गिअरबॉक्स बसवायला किती वेळ लागतो ते सांगा."

"सगळे लागलो तर संध्याकाळ. वारा उठेल."

"उद्या पहाटे जाईन मी," कॅप्टन म्हणाला. "उजाडायच्या आत इंजिन चालू करतो. तेवढं टिकेल तो. टिकेल, मावशी."

जावई धावत आला तोवर कात्रीचं तोंड तारेवर बसलं होतं. "नको! मावशी, आपण... तू... सगळे, नको!" त्याची आपण-तूची पार गल्लत झाली होती. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तार तुटल्याचा आवाज अगदी बारीक झाला, सुपारी फुटावी तसा.

खिळे निघाले. झाकण बाजूला झालं. आत वंगणाचा कागद होता, तो मामांनी फाडला. चौघांनी पट्टे लावून गिअरबॉक्स वर उचलला आणि बाकावर ठेवला, आणि ठेवतानाच मामा म्हणाले, "हलका आहे."

त्याची एक बाजू कापलेली होती. कापलेल्या कडा पोरांचे हात लागू नयेत म्हणून घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. आतली चक्रं रंगवलेली होती, मोठं लाल, त्याला लागून पिवळं, मग दोन निळी. खाली एक दांडा होता, लाकडी मुठीचा. मामांनी तो फिरवला. लाल फिरलं, पिवळं फिरलं, निळी फिरली. काही अडकलं नाही. सुरेख चालत होतं ते.

"शाळेतला आहे," मामा म्हणाले. "वर्गात दाखवायचा."

ते दांडा फिरवत राहिले. कोणीतरी त्यांचा हात धरून थांबवला.

जावई गिअरबॉक्सवरचा नंबर वाचत होता. पुन्हा वाचला, पेटीवरचा वाचला. मग तो भिंतीला टेकून उभा राहिला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "चूक असेल. गोदामात चूक होते."

"चूक?" मामा म्हणाले. "मग इतकं जपून सील कशाला लावलं हो?"

कदाचित खरंच चूक असेल. कदाचित नसेलही. पेटी उघडेपर्यंत बंदर मिळालेलं असणार होतं, आणि मग आत काय आहे याने कोणाचं काय बिघडणार होतं. ते त्या दिवशी कोणाला कळलं नाही, आणि पुढेही नाही.

मोठे साहेब आले, त्यांनी लाल-पिवळी चक्रं बघितली, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "झाकण लावा. आधी झाकण लावा." मग त्यांना आजूबाजूची तोंडं दिसली. त्यांनी घाम पुसला. "आणि हे मशीन जाऊ दे. थोडे खवले काय, होतात. मी परवानगी देतो. लेखी देतो."

"तेल बदलू," कॅप्टन मध्येच म्हणाला. "तेल बदलू, जमिनीवरच थोडं चालवू, आणि पुन्हा बघू. कधीकधी जुनाच कचरा असतो. पुन्हा स्वच्छ दिसलं तर वारा उठायच्या आत जाऊन येतो."

हे खरं होतं. पद्धतच तशी होती. सगळे त्या एका वाक्याला लोंबकळले. तेल बदललं. कॅप्टनने इंजिन चालू केलं, मोठा पंखा फिरायला लागला, आणि मावशी त्याच्या वाऱ्यात उभी राहून कान देऊन ऐकत राहिली. आवाजात तिला काही वाईट ऐकू आलं नाही. एका क्षणी तर तिला वाटलं की तो पूर्वीपेक्षा बरा येतोय.

इंजिन थांबलं. तिने मॅग्नेट काढलं. या वेळी अंगठा नीट खाली धरला.

ती बघून बाजूला झाली. मामांनी बघितलं. खवले आधीपेक्षा जास्त होते, आणि त्यांच्यात एक जाडसर, वाकडा तुकडा होता. तो खवला नव्हता, दात्याचं टोक होतं ते.

"मला दिसतंय," मामा म्हणाले.

"मलाही," मावशी म्हणाली.

"तरी जातो," कॅप्टन म्हणाला. त्याने हेल्मेट काढलंच नव्हतं. "एकटा जातो. वजन कमी. सावकाश चढवतो. मावशी, मुलगा आहे तो तुमचा!"

"आणि तू कोणाचा आहेस?"

"मी माझ्या मर्जीने जातोय."

"मर्जी तुझी आहे रे. गिअरबॉक्स तुझ्या मर्जीचा नाही. कड्यावर खाली उतरायला जागा नाही. जाताना एकटा असशील, येताना तो असेल तुझ्याबरोबर."

"मी सही करतो," साहेब म्हणाले. "मामा करतील. मावशी, तुमच्यासाठीच सगळे तयार आहेत, आणि तुम्हीच?"

ते खरं होतं. सगळे तयार होते. सकाळी तिने मागून मिळालं नव्हतं ते आता सगळे ओंजळीत घालून तिच्यापुढे उभे होते. तिने फक्त हात पुढे करायचा होता. तिने मॅग्नेट पुन्हा मुठीत घेतलं. त्याच्याशिवाय त्या भोकातून तेल वाहून जाणार होतं, आणि तेलाशिवाय काहीच चालणार नव्हतं.

"स्टोअरमध्ये दुसरं मॅग्नेट आहे," साहेब म्हणाले. "वहिनी, द्या जरा."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"संपलंय."

ते खालच्या खणात होतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कोणी खालच्या खणाकडे गेलं नाही.

रेडिओरूममध्ये मावशीला खुर्ची दिली गेली. ठाण्यावरच्या परिचारकाने सांगितलं की ते त्याला स्ट्रेचरवर बांधून चालत खाली आणायला निघतात, मधल्या ठाण्यापर्यंत. वाट बर्फाने बंद आहे, पण माणसं तयार आहेत. जातील तसे जातील. बरोबर हातातला रेडिओ नेतील. मग त्याने तो रेडिओ टकळ्याच्या तोंडाशी धरला.

"आई." त्या एका शब्दानंतर श्वास. "निघालं?"

"नाही रे."

"का?"

"मॅग्नेट."

खरखर. तो लहानपणापासून हे शब्द जेवताना ऐकत आला होता. त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"खवले?"

"हो."

"आणि... पेटीतला?"

"तो रंगवलेला निघाला रे. शाळेतला. हाताने फिरवायचा."

पलीकडे काहीतरी झालं. तो हसत होता. मग ते हसणं खोकल्यात गेलं आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. पुन्हा आवाज आला तेव्हा तो लहान होता, फार लहान, ताप आल्यावर रात्री हाका मारायचा तेव्हाचा.

"आई, मला खाली घे ना."

मावशीने बटण दाबलं. बटण तसंच दाबलेलं राहिलं, त्यामुळे त्याचंही काही ऐकू येईना. कॅप्टनने हळूच तिचं बोट उचललं आणि माइक स्वतःकडे घेतला.

"टकळ्या, ऐक. मी घोडा मागे घेतलाय. तुझा वजीर सुटला. तुझी चाल आहे. झोपायचं नाही. विचार कर आणि चाल सांग."

"चीटिंग," पलीकडून आलं.

"हो, चीटिंग. सांग चाल."

माणसं निघाली. दर मुक्कामाला रेडिओ खरखरे आणि टकळ्या एखादा शब्द बोले. प्यादं. मग कितीतरी वेळाने, उंट. कॅप्टन पाठकोऱ्या कागदावर पट आखून सोंगट्यांच्या जागी नट आणि वॉशर मांडत होता. मावशी ते बघत होती. तिला बुद्धिबळ येत नव्हतं.

मग परिचारक म्हणाला की आता कड्याच्या आडून जायचंय, तिथे आवाज तुटतो, दुसऱ्या बाजूला निघालो की बोलतो.

खिडकीबाहेर वाऱ्याने पताकेचं कापड फडफडायला लागलं होतं. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो गार झाला, त्यांनी तो नेऊन दुसरा आणला. जावई दारात येऊन उभा राहिला. तो म्हणाला की त्याने फोन केला, खरं काय झालं ते सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणाले सोमवारी बघू. कोणी त्याला बस म्हटलं नाही, आणि तो गेलाही नाही. स्टोअरच्या बाजूने हातोड्याचे ठोके येत होते. साहेबांच्या हुकमावरून पेटीचं झाकण पुन्हा ठोकलं जात होतं.

रेडिओ खरखरत होता. कडा एवढा मोठा नव्हता. मावशी एकदा हेलिकॉप्टरमधून त्याच्यावरून गेली होती, आणि तो डोळ्याआड व्हायला काहीच वेळ लागला नव्हता. पण तो मशीनचा हिशोब होता, माणसांच्या पायांचा नव्हे, असं तिने स्वतःला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. दुसरा चहाही गार झाला. खोलीत दिवा लावायला हवा होता, पण कोणी उठलं नाही.

तिची मूठ अजून मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून तेल तिच्या मांडीवर ठिबकत होतं. दुसऱ्या हाताचा अंगठा तिने सवयीने मुठीखाली धरला होता.

"त्याला तुझी चाल सांग," ती कॅप्टनला म्हणाली.

कॅप्टनने कागदावरच्या वॉशरांकडे बघितलं. "माझी झाली, मावशी. आता त्याची आहे."

"मग थांब," ती म्हणाली.

हातोडा थांबला. पेटी बंद झाली होती.